साक्षीदार हाच पक्षकार

जिल्हा न्यायालयाच्या शिरस्तेदारीत ज्याचे उभे आयुष्य गेले, आणि वादी-प्रतिवाद्यांच्या कैफियती, साक्षीपुराव्यांची भेंडोळी व तहकुबीचे शेरे यांखेरीज दुसरे वाङ्मय ज्याने दिवसाउजेडी फारसे वाचले नाही, अशा माणसाच्या घरी निवृत्तीनंतर अकराव्या वर्षी एक प्रकरण दाखल व्हावे, त्यातले पक्षकार लंडनचे असावेत, ते दोघेही सव्वाशे वर्षांपूर्वीचे असून मुळात जन्मालाच आलेले नसावेत, आणि तरीही त्यांचे एकमेकांवर प्रेम होते की नव्हते या मुद्द्यावर आमच्याच ओटीवर दोन मुलींची अशी हातघाई जुंपावी की शेजारच्या वहिनींनी विरजण मागण्याच्या मिषाने दोनदा डोकावून जावे, ही नियतीची थट्टा म्हणावी की माझ्या पूर्वसुकृताचे फळ, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

पक्षकारांची नावे शेरलॉक होम्स आणि डॉक्टर जॉन वॉटसन. प्रेम होते, असे प्रतिपादन करणारी आमच्या धाकट्या बंधूंची कन्या. ती शिक्षणाच्या निमित्ताने गेली दोन वर्षे सांगलीत आमच्याकडे राहते, मध्यरात्रीपर्यंत दिवा जाळते आणि काकूने विचारले की "लिहितेय" एवढेच उत्तर देते. नव्हते, असे वकीलपत्र घेतलेली तिची वर्गमैत्रीण. ती दर शनिवारी येते आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन डब्यांची झाकणे उघडून पाहते. "लिहितेय" म्हणजे अभ्यासाची टिपणे असावीत, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. एका सकाळी ओटीवर राहिलेली तिची वही मी चाळली (अक्षर सुधारले आहे की नाही ते पाहावे, याखेरीज माझा अन्य हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकतो), तेव्हा तीत होम्सची एक कथा आढळली. होम्स म्हटल्यावर मी चष्मा पुसून सरसावून बसलो. कारण आमच्या एका स्नेह्यांकडून १९८७ साली चार दिवसांच्या बोलीने आणलेला होम्सचा जाडजूड खंड आजतागायत माझ्याच कपाटात आहे, आणि त्यातल्या बहुतेक खुन्यांशी माझा घरोबा आहे. परंतु या कथेत खून म्हणून होईना. उतारवयातले दोन गृहस्थ ससेक्सच्या टेकड्यांवर मधमाश्या पाळून राहतात, पाऊस आला की एकाचा पाय ठणकतो, दुसरा न विचारता त्याच्यासाठी चहा ठेवतो, मधाच्या बरणीचे झाकण कोणी उघडे टाकले यावरून किंचित बाचाबाची होते, आणि सातव्या पानावर दोघेही शेकोटीपाशी डुलक्या घेऊ लागतात, कथा समाप्त. मी शेवटचे पान उलटून मागे प्रेत वगैरे राहिले आहे काय, तेही पाहिले.

"अगं, यात गुन्हा कुठे आहे?" मी तिला विचारले.

"गुन्हा नाहीच आहे, काका," ती म्हणाली, "तेच तर सांगायचंय."

या मंडळींची परिभाषा अवगत नसलेल्या इसमाने त्यांच्या वादात तोंड घालू नये, हे मी अनुभवाने सांगतो. "मी या दोघांना शिप करते," असे पुतणीने जाहीर केले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची बोट उभी राहिली, आणि होम्स-वॉटसनांना ही पोरगी दाभोळला धाडणार की जयगडला, असा प्रश्न मला पडला. पुढे खुलासा झाला तो असा की, रिलेशनशिप या शब्दाचे धड टाकून देऊन तेवढे शेपूट या लोकांनी ठेवून घेतले आहे, आणि दोन पात्रांची मनोमन सोयरीक जुळवणे या क्रियेस ते नाव दिले आहे. "पण हे कॅननमध्ये नाही," असे मैत्रीण गरजली, तेव्हा तोफेचा या प्रकरणाशी संबंध काय, हे मला कळेना. मूळ लेखकाने लिहिले ते कॅनन, म्हणजे जणू श्रुती, आणि वाचकांनी मागाहून रचले ते फॅन फिक्शन, लाडाने फिक, असा तो भेद आहे. धर्मग्रंथांची ही संज्ञा होम्सच्या कथांना चिकटली, त्याचे श्रेय बहुधा रोनाल्ड नॉक्स या विद्वानाकडे जाते. बायबलाची चिकित्सा करणारे पंडित ज्या थाटात संहितेची चिरफाड करतात, त्याच थाटात होम्सकथांची चिरफाड करणारा एक निबंध त्याने १९११ साली ऑक्सफर्डला वाचला होता. त्याचा हेतू निव्वळ थट्टेचा होता, पण ऐकणाऱ्यांनी ती थट्टा एवढी मनावर घेतली की ती पुढे एक शास्त्रच होऊन बसली.

परंतु मला खरा धक्का बसला तो तिरक्या रेघेने. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेल्या स्टार ट्रेक नामक दूरचित्रवाणी-मालिकेतील कर्क आणि स्पॉक या अंतराळवीरांची सोयरीक जुळवणाऱ्या लेखिकांनी त्यांच्या नावांमध्ये जी तिरकी रेघ घातली, तिच्यावरून पुरुषा-पुरुषांच्या प्रेमकथांना स्लॅश हे नावच पडून गेले. आता मी स्वतः बत्तीस वर्षे मुकदम्याचा क्रमांक आणि साल यांच्यामध्ये रोज तशीच रेघ मारीत आलो, दिवाणी दाव्यांत मारली, फौजदारीत मारली, दरखास्तींत मारली, आणि त्या रेघेत शृंगाराचा एवढा साठा दडलेला असेल, असा संशय मला किंवा माझ्या वरिष्ठांना यत्किंचितही आला नाही.

या कथांचे काही ठरीव संकेत आहेत, आणि लावणीत जसा शिपाई परगावी गेलेलाच असावा लागतो, तसे ते पाळले जातात. त्यांतला सर्वांत लोकप्रिय संकेत असा की, आडरानात वादळात सापडलेले नायक एखाद्या सराईत पोहोचतात, तेथे एकच खोली शिल्लक असते आणि त्या खोलीत पलंगही एकच असतो. एस. टी. महामंडळाच्या मुक्कामी गाडीने आयुष्यभर प्रवास केलेल्या माणसाला यात अद्भुत काही वाटत नाही. मी मिरज ते पंढरपूर एकाच बाकावर तिघांच्यात बसून गेलेलो आहे. "काका, तसं नसतं ते," एवढेच पुतणी म्हणाली.

असो. प्रकरण आपल्या हद्दीत येते काय, हा प्राथमिक मुद्दा मी प्रथम काढला, आणि आश्चर्य असे की तो काही अंशी आमच्या बाजूने लागला. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कादंबरीत डॉक्टर वॉटसन लष्करी शल्यवैद्य म्हणून हिंदुस्थानात येतो तो मुंबई बंदरात उतरतो. पुढे मैवंदच्या लढाईत, म्हणजे १८८० सालच्या जुलै महिन्याच्या २७ तारखेस, त्याला गोळी लागते. त्या रणांगणावर मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या, हा इतिहास आहे. तेव्हा पक्षकार क्रमांक दोनचे पाय एकदा मुंबईच्या धक्क्याला लागले असल्यामुळे, ओढूनताणून का होईना, या दाव्याची सुनावणी सांगलीच्या ओटीवर चालण्यास हरकत नाही, असा शेरा मी मनातल्या मनात मारला.

दुसरा प्राथमिक मुद्दा मालकीचा. लेखकाच्या हयातीत व पश्चात त्याच्या पात्रांची सोयरीक परस्पर जुळवण्याचा वाचकाला अधिकार काय? येथे मूळ मालक सर आर्थर कॉनन डॉयल यांचे वर्तन पाहिले पाहिजे. या गृहस्थाला आपल्या होम्सचा इतका वीट आला होता की, १८९३ सालच्या डिसेंबरात त्याने त्याला स्वित्झर्लंडातल्या रायखेनबाख धबधब्यात लोटून दिले. वाचकांनी एकच आकांत मांडला, 'स्ट्रँड' मासिकाच्या वीस हजारांवर वर्गणीदारांनी वर्गण्या बंद केल्याचे सांगतात, आणि एका बाईने डॉयलसाहेबांना धाडलेल्या पत्राचा आरंभच 'पशू' या संबोधनाने केला होता, हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात नमूद करून ठेवले आहे. अशा बेफिकीर बापाला पुढे विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने, मी रंगभूमीवर होम्सचे लग्न लावून दिले तर चालेल काय, असे तारेने विचारले. त्यावर उलट तारेने परवानगी आली, तिचा आशय असा की लग्न लावा, मुडदा पाडा, वाटेल ते करा. कायद्याच्या भाषेत याला कुलमुखत्यारपत्र म्हणतात. त्याला मुदत नाही, अटी नाहीत, आणि ते रद्द केल्याचा दाखला माझ्या तरी पाहण्यात नाही. सबब पुतणीच्या वहीला परवानगी आहे असे धरून मी पुढे चाललो. आणि तसेही, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावी सीतास्वयंवराचा खेळ करून मराठी नाटकाचा ओनामा केला, त्या सांगलीच्या रहिवाशाने दुसऱ्याच्या कथेवर आपले घर बांधण्याबद्दल कोणाला नावे ठेवणे शोभले नसते.

मग पुरावा सुरू झाला, आणि पुतणीने निशाण्यांचा असा पाऊस पाडला की आमच्या बारमधल्या कित्येक सनदी वकिलांनी तिच्या हाताखाली उमेदवारी करावी. होम्सने विषारी भुकटीचा प्रयोग दोघांच्या जिवावर बेतेल अशा रीतीने केला, वॉटसनने त्याला ओढून बाहेर गवतावर नेले, आणि त्यानंतर होम्सने जी क्षमा मागितली तीत त्याचे हृदय आपल्याला प्रथमच एवढे दिसले, असे वॉटसन लिहितो. १९२४ सालच्या एका कथेत गुन्हेगाराची गोळी वॉटसनच्या मांडीला चाटून जाते, तेव्हा कधी न डळमळणाऱ्या होम्सचे ओठ थरथरतात. आणि त्या थंड मुखवट्यामागची माया दिसण्यासाठी एक काय, अनेक जखमा झाल्या तरी त्या सोसाव्यात, असे वॉटसनला वाटते. एका निरोपात होम्स त्याला कळवतो की सोय असेल तर ताबडतोब ये, आणि सोय नसली तरी येच. (माझ्या नोकरीत अशा मसुद्याचे समन्स निघाले असते तर साक्षीदार गैरहजर राहण्याचा प्रश्न मुळापासून मिटला असता.)

माझ्या मते सर्वांत बळकट निशाणी मात्र वेगळीच होती, आणि ती मुलींच्या ध्यानात पुरती आली नव्हती, कारण त्यांना मिळकतीच्या व्यवहारांचा अनुभव नाही. तीन वर्षे मेलेला समजला गेलेला होम्स १८९४ साली परत येतो, त्याला पाहून वॉटसन आयुष्यात प्रथमच आणि शेवटचाच बेशुद्ध पडतो, आणि नंतर लवकरच आपला दवाखाना विकून बेकर स्ट्रीटला पुन्हा राहायला जातो. तो दवाखाना व्हर्नर नावाच्या एका तरुण डॉक्टरने, घासाघीस न करता, मागितलेल्या किमतीला घेतला. काही वर्षांनी उघडकीस आले की, हा व्हर्नर होम्सचा लांबचा नातलग आणि पैसा पुरवला होता खुद्द होम्सने. म्हणजे ही शुद्ध बेनामी खरेदी झाली. मी हयातीत बेनामी व्यवहार पुष्कळ पाहिले. सासऱ्याच्या नावे घेतलेली जमीन पाहिली, मेहुण्याच्या नावे घेतलेला ट्रक पाहिला, एका सज्जनाने बैलाच्या नावे काही करता येईल काय अशी चौकशी केल्याचेही ऐकले. पण मित्राने आपल्या घरी राहायला यावे म्हणून त्याचा धंदा तिऱ्हाइताच्या नावे गुपचूप विकत घेणारा मनुष्य माझ्या दप्तरात नाही. हा व्यवहार निव्वळ मैत्रीचा होता असे म्हणणाऱ्याने, आपल्या मित्रांपैकी कोणी आपले दुकान एवढ्या भावाने उचलील, हे शांतपणे आठवून पाहावे.

प्रतिवादी पक्षही गप्प नव्हता. मैत्रिणीने शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर घेऊन उलटतपासणी आरंभली. वॉटसनने मेरी मॉर्स्टनशी लग्न केले त्याचे काय? होम्सच्या लेखी जी सदैव 'ती स्त्री' होती, त्या आयरीन ॲडलरचे काय? आणि मुख्य म्हणजे, साठ कथांपैकी छप्पन्न कथा ज्या एकट्या वॉटसनच्या तोंडून आल्या आहेत, त्या साक्षीदाराची विश्वसनीयता काय? पहिल्या कादंबरीत याची जखम खांद्याला आहे, दुसरीत ती पायाकडे उतरली. याचे नाव जॉन, पण एका कथेत याची स्वतःची बायको याला जेम्स म्हणते. नावातली एवढी तफावत असलेल्या माणसाला साधे शिधापत्रिकेचे काम करायचे तरी 'जॉन उर्फ जेम्स' असे प्रतिज्ञापत्र करावे लागेल! या तफावतीवर डोरोथी सेयर्स या विदुषीने जो तोडगा काढला, तो ऐकून मी उभा राहायचाच शिल्लक होतो. वॉटसनच्या नावातले मधले अक्षर एच्. ते हेमिश या नावाचे असले पाहिजे. हेमिश हे जेम्सचेच स्कॉटलंडी रूप. सबब बायको त्याला लाडाने मधल्या नावाने हाक मारीत होती! लेखकाच्या निव्वळ हलगर्जीपणावर एवढे भव्य मंदिर उभारलेले मी यापूर्वी फक्त वारसाहक्काच्या दाव्यांतच पाहिले होते.

मेरीबद्दल बोलायचे तर माझे मन तिच्याकडे झुकते, हे मी लपवीत नाही. बिचारी एका कादंबरीत येते, नवऱ्याला मित्राकडे जायला कधीही आडकाठी करीत नाही, आणि होम्सच्या अज्ञातवासात, एका ओझरत्या शोकोद्गारापलीकडे काहीही न लिहिता, लेखक तिचा निकाल लावून मोकळा होतो. तिच्या लग्नाची वार्ता ऐकून होम्सने अभिनंदन करण्याचेच नाकारले होते. पुढे १९२६ सालच्या ज्या कथेत होम्स स्वतः लेखणी हातात घेतो, तीत तो तक्रार करतो की वॉटसन मला सोडून बायकोकडे गेला, आणि आमच्या सहवासात त्याने केलेले स्वार्थी कृत्य काय ते एवढेच. ही बायको दुसरी असणार, आणि तिचे तर नावही साठ कथांत कोठे नाही. मी मैत्रिणीला म्हटले, तुझा साक्षीदार आयरीन नव्हे. आयरीनबद्दल प्रेम नव्हते असे वॉटसनने पहिल्याच परिच्छेदात लिहून दिले आहे. तुझा साक्षीदार मेरी, आणि ती हयात नाही.

येथे न्यूयॉर्कच्या एका नामांकित मंडळीचा दाखला दिल्यावाचून राहवत नाही. होम्सच्या भक्तांनी १९३४ साली 'बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स' नावाचा एक संघ तेथे स्थापन केला. १९४१ सालच्या जानेवारीतील त्यांच्या भोजनप्रसंगी रेक्स स्टाउट या रहस्यकथाकाराने उठून, वॉटसन हा मुळात पुरुषच नव्हता, ती स्त्री होती आणि होम्सची पत्नी होती, असे साधार प्रतिपादन केले. इतकेच नव्हे, तर निरनिराळ्या कथांच्या शीर्षकांची आद्याक्षरे विशिष्ट क्रमाने मांडून त्यांतून 'आयरीन वॉटसन' हे नाव काढून दाखवले. म्हणजे दोघांमधले प्रेम या सद्गृहस्थालाही दिसले होते. फक्त ते कायदेशीर करून घेण्यासाठी त्याने वॉटसनलाच लुगडे नेसवले. सभेत हाहाकार उडाला, खंडन-मंडनाचे लेख निघाले. परंतु या साऱ्या प्रसंगातला खरा विनोद वेगळाच आहे: वॉटसन स्त्री होता काय, यावर रात्र रात्र वाद घालणाऱ्या या संघाने खऱ्याखुऱ्या स्त्रियांना सभासदत्व दिले ते १९९१ साली. म्हणजे आरोप सिद्ध झाला असता, तर खुद्द वॉटसनला दाराबाहेर उभे राहावे लागले असते.

पुतणी मात्र या विनोदावर हसली नाही. तिने कपाटातून एक कागद आणला आणि १८८९ सालच्या ऑगस्टातल्या एका भोजनाची हकिगत वाचून दाखवली. लंडनच्या लँगहॅम हॉटेलात एका अमेरिकन मासिकाच्या संपादकाने दोन तरुण लेखकांना जेवायला बोलावले होते. एक डॉयल, दुसरा ऑस्कर वाइल्ड. त्या जेवणातून त्या मासिकाला दोन कादंबऱ्या मिळाल्या. वाइल्डची 'डोरियन ग्रे'ची, आणि डॉयलची ती, जिच्यात वॉटसनचे लग्न ठरते. पुढे सहा वर्षांनी, १८९५ साली, पुरुषांवरील प्रेमाच्या गुन्ह्याखाली वाइल्डला दोन वर्षे सक्तमजुरी झाली. "तेव्हा काका," ती म्हणाली, "लिहिलेलं नाही म्हणून नव्हतं, असं त्या काळाबद्दल कसं म्हणता येईल? लिहिणं हाच पुरावा झाला असता." यावर मी काही बोललो नाही. १८६० सालच्या दंडविधानाचे ३७७ वे कलम आमच्या नोंदवह्यांतही होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते २०१८ सालच्या सप्टेंबरात बाद ठरवले, तोपर्यंत मी निवृत्त झालो होतो. त्या कलमाखालचे कागद मी इतर कागदांसारखेच बांधले, लाल फीत लावली आणि रकान्यात क्रमांक घातला.

तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती, ज्या इतका वेळ दारात बसून चवळीच्या शेंगा मोडीत होत्या, त्यांनी, एवढे कसले घेऊन बसलात, असा सूर लावला. त्यांच्या माहेरी जांभूळ आख्यान होई. द्रौपदीने अकाली तोडलेले जांभूळ पुन्हा देठाला चिकटावे म्हणून प्रत्येकाने मनातले खरे बोलावयाचे होते, आणि फळ काही केल्या पूर्ण वर चढेना, तेव्हा पाच पती समोर असताना तिला कबूल करावे लागले की, मनात कर्णही आला होता. "व्यासांनी लिहिलंय का ते? नाही. पण आमच्या गावच्या एकाही बाईला ते खोटं वाटलं नाही," असे म्हणून त्यांनी शेंगेचा दोर काढला. पुतणीने ताबडतोब वही उघडली. मैत्रिणीने शंकरपाळे तोंडात तसेच धरून ठेवले. मला, माझ्या शिरस्त्याप्रमाणे, शास्त्रार्थ आठवला. 'सूर्य मावळला' एवढेच शब्द. पण ते ऐकून गुराखी गुरे वळवतो, चोर कंबर कसतो आणि अभिसारिका पैंजण काढून ठेवते, असे आपले साहित्यशास्त्र शिकवते, आणि या न बोललेल्या अर्थालाच आनंदवर्धनाने नवव्या शतकात काव्याचा आत्मा ठरवले. बारामतीच्या मोरोपंतांनी तर एकाच रामाची एकशे आठ रामायणे रचली, त्यांतल्या एकात ओठांनी उच्चारावयाचे एकही अक्षर येऊ दिले नाही. माझ्या पुतणीच्या मंडळींत ते आज असते, तर त्यांच्या पायांवर लोटांगणे घातली गेली असती. हे सर्व मी सविस्तर सांगणार होतो.

पण सौभाग्यवतींनी उलटतपासणी माझ्याकडेच वळवली.

"ते पुस्तक कोणाचं?" त्यांनी कपाटाकडे हनुवटी करून विचारले.

मी म्हटले, एका स्नेह्यांचे.

"तुमच्या त्यांचं," त्या मुलींना म्हणाल्या. आमच्या स्नेह्यांचा उल्लेख गेली अडतीस वर्षे त्यांनी याच सर्वनामाने केला आहे. नावाने कधीही नाही. "रोज पाचाला आयर्विन पुलावर. पाऊस असो, ऊन असो. माझ्या भाच्याच्या मुंजीतून साडेचारला उठून गेले होते."

मी म्हटले, मुंज सकाळीच लागली होती.

"मग तुमच्या त्यांची बदली झाली रत्नागिरीला. तीन वर्षं. तीन वर्षं हे पुलावर एकटे जायचे, आणि घरी येऊन, 'पुलाला काही अर्थ राहिला नाही,' म्हणायचे. पुलाला!" मैत्रिणीने डबा खाली ठेवला. "आणि एक दिवस न कळवता ते दारात उभे राहिले, तर ह्यांच्या हातातली कपबशी खाली. माझ्या माहेरच्या सहाच्या सेटमधली. पाचच राहिल्यात, बघा जाऊन."

मी कैफियत देण्याचा यत्न केला. कपाचा कान आधीपासून तडकलेला होता. बशी ओली होती. शिवाय मी बेशुद्ध वगैरे पडलो नव्हतो, याला खुद्द फिर्यादी साक्षी आहेत. अडतीस वर्षांत आम्ही पुलावर काय बोललो, हे विचाराल तर मला त्यातले चार वाक्यांपलीकडे काही सांगता येणार नाही. कृष्णेला पाणी किती चढले, कोणाची पेन्शन अडकली, हळदीचा भाव काय, आणि मग बराच वेळ काही नाही. पैकी शेवटचा भाग दोघांनाही सर्वाधिक आवडतो, असे मला वाटते. पण या बाबतीत मी त्यांना कधी विचारलेले नाही, आणि त्यांनीही मला नाही. हे मी मोठ्याने बोललो नाही. तथापि पुतणी ज्या नजरेने माझ्याकडे पाहत होती, तीच नजर मी अनेक हुशार न्यायाधीशांच्या डोळ्यांत, साक्षीदार अमुक एका प्रश्नाला थबकला की, पाहिलेली आहे.

"मग काकू," मैत्रिणीने अगदी हळू विचारले, "तुम्हाला काही वाटलं नाही कधी?"

"वाटायचं काय?" त्या शेंगांची परात उचलून म्हणाल्या. "मला पाच ते सात घर मोकळं मिळतं."

मेरी मॉर्स्टनची साक्ष ती हीच असावी, असे मला तत्क्षणी वाटून गेले. पण नोंद घेणार कोण?

इतक्यात बाहेर पावसाने धरले आणि आत टेलिफोन वाजला. सौभाग्यवतींनीच घेतला, क्षणभर ऐकले, आणि तोंडावर हात धरून मला म्हणाल्या, "तुमचे ते. पुलावर वारा फार आहे म्हणतायत. आज नको असं सांगू?" तोवर माझा एक पाय चपलेत गेला होता. खरे पाहता गेले चार दिवस माझा गुडघा धरलेला आहे, वैद्यांनी दमट हवेत जाण्यास मनाई केली आहे, आणि शनिवारी संध्याकाळी पाणी भरण्याचे काम माझ्याकडे असते. त्यांनी ते सर्व माझ्या तोंडावर वाचले असावे. कारण दारामागची काळी, मोठ्या घेराची छत्री त्यांनी स्वतःच काढून माझ्या हातात दिली. "त्यांची गेल्या वर्षी मोडली ती त्यांनी अजून घेतलेली नाही," त्या म्हणाल्या.

मी ओटीची पायरी उतरत होतो. मागे वहीचे पान उलटल्याचा आवाज आला.

"काका," पुतणीने हाक मारली, "छत्री एकच?"

"एकच," मी म्हणालो, आणि ती उघडली.